नंबरप्लेटची फ्रेम: प्लास्टिक, धातू की सिलिकॉन?

नंबरप्लेटला फ्रेम लावायची ठरली की बहुतेक जण आधी चमक बघतात. माझं म्हणणं असं, की फ्रेम घेण्याआधी गाडीच्या मागे उकिडवं बसावं आणि प्लेट कशावर टेकली आहे ते बघावं. डिकीच्या पत्र्यावर, की बंपरच्या प्लास्टिकवर? मागे सपाट आधार आहे, की कोपरे हवेतच आहेत? डिकी दिवसातून चार-पाच वेळा आपटली जाते, बंपर आपटत नाही. तीच फ्रेम एकाला वर्षानुवर्षं गप्प साथ देते आणि दुसऱ्याची आठवड्याभरात खडखडायला लागते, त्याचं कारण बऱ्याचदा इथेच सापडतं.

हे मी ठेच लागून शिकलो. माझ्या आधीच्या गाडीला जस्ताच्या ओतकामाची, वरून क्रोम चढवलेली, चांगली जाडजूड फ्रेम लावली होती. दिसायला देखणी होती. पहिले काही दिवस आवाज नव्हता, मग डिकी बंद करताना एक बारीक ‘झण्ण’ ऐकू यायला लागलं. मी स्क्रू आवळले आणि विसरून गेलो. आठ महिन्यांनी धुताना फ्रेम काढली, तर खालच्या दोन्ही कोपऱ्यांशी नखाएवढ्या चंद्रकोरी. तिथला रंग घासून पत्रा उघडा पडला होता आणि त्यावर ओली माती घट्ट बसली होती. गंजाची सुरुवात झालीच होती. तेव्हापासून फ्रेमचं वजन आणि तिची मागची बाजू या दोन गोष्टी मी सगळ्यात आधी बघतो.

फ्रेमचे मुळात दोन प्रकार. एक म्हणजे प्लेटच्या वरून बसणारी उघडी चौकट. गाडीचेच स्क्रू फ्रेम आणि प्लेट दोन्हीतून आरपार जातात. अमेरिका-कॅनडात हीच पद्धत रूढ आहे. दुसरी युरोपात सर्रास दिसणारी: मागे एक तबकासारखा धारक आधी गाडीला पक्का करायचा आणि प्लेट त्यात दाबून अडकवायची. प्लेटला भोक पाडायची गरज नाही आणि पूर्ण पाठ टेकलेली असल्याने खडखड कमी. निवड हातात असेल आणि प्लेटचं माप जुळत असेल तर मी डोळे झाकून धारक घेईन. त्याची एक उणीव मात्र खरी आहे: खालची पट्टी ज्या खाचांवर अडकते त्या जुन्या झाल्या, की प्लेट वाटेत पडू शकते. वर्षातून एकदा अंगठ्याने दाबून बघायचं.

मापाच्या बाबतीत ‘बसेल बहुतेक’ असं धरून चालू नका. अमेरिकेतली प्लेट १२ बाय ६ इंचांची, युरोपातली नेहमीची ५२० बाय ११० मिलिमीटर, भारतातल्या मोटारींची ५०० बाय १२० किंवा ३४० बाय २००. युरोपी फ्रेममध्ये भारतीय प्लेट उंचीला १० मिलिमीटर मोठी पडते. भारतातल्या उच्च सुरक्षा प्लेटबद्दल आणखी एक सावधगिरी: ती स्नॅप लॉकने, म्हणजे एकदाच बसणाऱ्या खिळ्यासारख्या कुलपाने, बसवलेली असते आणि ते लॉक एकदा तोडलं की परत वापरता येत नाही. तिथे लॉक काढून फ्रेम घालण्याच्या फंदात पडूच नका.

आता साहित्य. इथे सविस्तर बोलायला हवं, कारण खरा गोंधळ इथेच होतो.

काळं साधं प्लास्टिक दिसायला सामान्य, पण बहुतेकांसाठी तेच योग्य. एबीएस या कडक प्लास्टिकचं वजन तेवढ्याच पाण्याइतकं, थोडं जास्त. अ‍ॅल्युमिनियम त्याच्या अडीचपट जड, जस्ताचं ओतकाम सहापटीहून जड आणि स्टील साडेसातपट. हलकी फ्रेम डिकी आपटल्यावर फारसा झटका देत नाही. प्लास्टिकचा शत्रू ऊन. उन्हाने ते पांढरट पडतं, ठिसूळ होतं आणि स्क्रूच्या भोकापासून चीर जाते. काळ्या रंगातली काजळी ऊन बऱ्यापैकी अडवते, म्हणून काळी फ्रेम रंगीत फ्रेमपेक्षा जास्त टिकते. हातात घेऊन हलकेच पिळून बघा. जरा वाकून परत सरळ झाली तर चांगली. कुरकुरली तर ठेवून द्या. चंदेरी मुलामा दिलेलं प्लास्टिक मात्र घेऊच नका. मुलामा कडेने सोलत जातो आणि त्या कडा हाताला लागतात.

स्टेनलेस स्टील टिकाऊ आहे यात वाद नाही. नेहमीच्या ३०४ प्रतीत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. समुद्रकाठी किंवा बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात अशा ठिकाणी ३१६ बरं, कारण त्यातल्या २ ते ३ टक्के मॉलिब्डेनममुळे ते खारेपणा जास्त सोसतं. पण स्टीलची फ्रेम मी पुढच्या बाजूला, मजबूत ब्रॅकेटवर असेल तरच सुचवेन. मागे डिकीवर नाही. शिवाय पातळ पत्र्याच्या फ्रेमच्या आतल्या कडेवरून बोट फिरवून बघा. घासून गुळगुळीत केलेली नसेल तर ती कड आधी प्लेटवरचा परावर्तक थर कापते आणि मग गाडी धुताना तुमचं बोट.

अ‍ॅल्युमिनियम हा मधला मार्ग: हलकं, न गंजणारं, पावडर कोटिंग केलेलं असलं की छान दिसणारं. फक्त स्टीलचा स्क्रू आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक झीज सुरू होते आणि झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. भोकाभोवती पांढरी भुकटी दिसली तर समजायचं. स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर घातला की हे बरंच टळतं.

सिलिकॉनबद्दल मी सुरुवातीला साशंक होतो, आता नाही. ते खडखडत नाही, रंगाला ओरखडा पाडत नाही, उन्हा-थंडीत आपला लवचिकपणा सोडत नाही. प्लेट थेट रंगवलेल्या पत्र्यावर टेकत असेल तर माझी पहिली पसंती हीच. धूळ मात्र याच्यावर फार बसते आणि सैल माप घेतलं तर वरची पट्टी अक्षरांवर लोंबते. कार्बन फायबर म्हणून विकलेल्या कित्येक फ्रेम म्हणजे प्लास्टिकवर चिकटवलेली छापील फिल्म असते. खरं कार्बन घेतलं तरी वरचं रेझिन उन्हाने पिवळं पडू शकतं.

साहित्य कुठलंही निवडा, पट्टीची रुंदी त्याहून महत्त्वाची आहे. नंबरच नव्हे, तर प्रांताचं नाव, मुदतीचा स्टिकर, होलोग्राम यांपैकी काहीही झाकता कामा नये. बऱ्याच ठिकाणी नुसतं एवढ्यावरून दंड होतो. कॅमेरे प्लेटवर इन्फ्रारेड प्रकाश टाकतात आणि प्लेटचा परावर्तक थर तो परत पाठवतो. त्यावर काहीही आड आलं की वाचन चुकतं, म्हणून पारदर्शक कव्हरही टाळा, ते कितीही स्वच्छ दिसलं तरी. खालची पट्टी जाहिरातीसाठी रुंद केलेली फ्रेम गाडीसोबत फुकट आली असेल तर ती काढून ठेवण्यात काहीच गैर नाही.

बसवायला पंधरा मिनिटं पुरतात, घाई केली नाही तर. आधी जुनी प्लेट काढून मागची जागा धुवा आणि पूर्ण कोरडी करा. मग फ्रेमच्या चारही कोपऱ्यांना मागून दोन-तीन मिलिमीटर जाडीचे, पाणी न शोषणारे फोमचे तुकडे चिकटवा. मला ही पायरी उशिरा कळली. आधी कळली असती तर त्या चंद्रकोरी पडल्या नसत्या. खालच्या कडेला पाणी निथळायला थोडी फट ठेवा.

स्क्रू जुनेच वापरायचे नसतील तर आटे जुळवून घ्या. जपानी गाड्यांत सहसा एम६ चे, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीच्या स्क्रूचे, आटे असतात, अमेरिकी गाड्यांत अनेकदा पाव इंची. जवळपास बसतोय म्हणून जबरदस्तीने फिरवला तर आटे मोडतात. प्लास्टिकमध्ये स्वतःचे आटे पाडणारा स्क्रू असेल तर एक सोपी युक्ती: स्क्रू भोकात ठेवा, हाताने हलकेच उलटा, म्हणजे सोडायच्या दिशेने फिरवा. एका जागी तो ‘टक्’ करून किंचित खाली बसतो. तिथून आवळायला सुरुवात करा, म्हणजे तो जुन्याच आट्यात जातो, नवे आटे खोदत नाही. सगळे स्क्रू आधी सैलसर लावा, फ्रेम सरळ करा, मगच आळीपाळीने आवळा. वॉशर टेकल्यावर पाव फेरी बास. इलेक्ट्रिक स्क्रूड्रायव्हर इथे नको, प्लास्टिक फ्रेमची चीर तिथेच पडते.

स्क्रू सुटतात म्हणून थ्रेडलॉक, म्हणजे आटे जागीच धरून ठेवणारा द्रव गोंद, लावायचा मोह होतो. धातूच्या आट्यात ठीक आहे, पण एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटला ते लागलं तर प्लास्टिकला तडे जाऊ शकतात. त्यापेक्षा नायलॉनची रिंग असलेला नट किंवा रबरी वॉशर वापरा.

झालं की डिकी दोनदा नेहमीसारखी आपटून कान द्या. रिव्हर्स कॅमेरा लावून वरची पट्टी चित्रात येते का बघा. अंधार पडल्यावर दहा पावलं मागे जाऊन प्लेटच्या दिव्याची सावली कुठल्या अक्षरावर पडत नाही ना, तेही बघा. आणि आठवड्याने एकदा स्क्रूंना हात लावा. फोम दबल्यावर ते अर्ध्या फेरीने तरी सैल झालेले असतात.