एक दुर्मीळ गाठ, दोन नोंदण्या
सोळा-सतरा वर्षांच्या मुलीची पाळी थांबते, आवाज घोगरा होतो, ओठावर लव दिसू लागते. अंडाशयात सर्टोली-लेडिग पेशींची, म्हणजे पुरुषी संप्रेरक बनवू शकणाऱ्या पेशींची, गाठ निघते. अशा मुलींची माहिती कुठे जमावी?

अमेरिकेतली सरकारी ‘सीअर’ नोंदणी १९७३ पासून ठरलेल्या भागांतले कॅन्सर टिपते. किती जणींना झाला, किती जगल्या, हे तिथून कळतं. पण सौम्य ठरलेली गाठ तिथे पोचतच नाही.

मिनियापोलिसच्या बालरुग्णालयातली अंडाशय-वृषणाच्या स्ट्रोमल (सर्टोली-लेडिगसारख्या आधारपेशींच्या) गाठींची आंतरराष्ट्रीय नोंदणी वेगळी. कुटुंब संमती देऊन येतं, तज्ज्ञ गाठीच्या तुकड्याच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा बघतात, डायसर१ जनुकातला दोष शोधतात. तो सापडला तर धाकट्या भावंडांनाही तपासायला हवं. त्याच दोषातून तान्ह्यांच्या फुप्फुसात गाठ होऊ शकते. स्वतःहून आलेल्यांवरून प्रमाण काढता येत नाही, खरंय. तरी माझा कौल हिलाच.