नवा एसएमपीएस, आठ महिने वापरून: सकाळच्या रीस्टार्टचं दुखणं नेमकं कुठे होतं

जानेवारीत कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या लाईटवरून आतल्या भागांना लागेल तशी वीज पुरवणारा डबा, बदलला, आता सप्टेंबर उजाडला. थंडी, लग्नसराई, मे महिना, पावसाळा, सगळं बघून झालं, म्हणून आता लिहायला हरकत नाही. मी धरणगाव तालुक्यात घरीच डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, उत्तरकार्याच्या पत्रिका, दुकानांची बिलबुकं. मशीन साधंच: सहा वर्षं जुनं असेंबल्ड, आठ जीबी रॅम, एक छोटं ग्राफिक कार्ड आणि मागाहून टाकलेली एसएसडी.

दुखणं डिसेंबरात सुरू झालं. सकाळी बटण दाबलं की पंखा फिरायचा, लोगो यायचा, ठिपके गोल फिरायला लागायचे आणि फटकन स्क्रीन काळी. मग आपोआप पुन्हा सुरू. असं चार-पाच वेळा. एकदा डेस्कटॉप दिसला की मात्र दिवसभर तक्रार नाही. पार्टी पत्रिकेचं प्रूफ बघायला दारात उभी आणि मी ठिपके मोजत बसलेलो.

ज्याला विचारावं तो म्हणे, "फॉरमॅट मार." मीही आधी विंडोजवरच संशय घेतला. दोन-तीनदा बूट अर्धवट तुटलं की 'ऑटोमॅटिक रिपेअर'चा निळा पडदा येतो. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जात 9 नंबर दाबला. त्याने बिघाडानंतरचं आपोआप रीस्टार्ट बंद होतं. म्हटलं, निळ्या स्क्रीनवर काहीतरी कोड तरी दिसेल. काही नाही. दिवा विझावा तसं सरळ काळं. दुपारी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला, सिस्टीम लॉगमध्ये 'कर्नल-पॉवर 41'ची (मशीन नीट बंद न होताच रीस्टार्ट झाल्याची नोंद) रांगच, आणि तपशिलात बगचेक कोड 0. विंडोज स्वतः कोसळलं असेल तर तिथे बहुतेकदा काहीतरी आकडा असतो. शून्य असेल तर वीजच गेली असण्याचा संशय घ्यायचा.

तरी रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने पुसले, मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी, रात्रभर चालवली. एकही एरर नाही. विंडोजच्या फाइली तपासणारं एसएफसी स्कॅननाऊ चालवलं, तेही स्वच्छ.

खरा उलगडा एका फुकटच्या युक्तीने झाला. सकाळी मशीन सुरू करून विंडोजपर्यंत जाऊच दिलं नाही, डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, नुसतं थांबवून ठेवलं. तिथेही दीड मिनिटात रीस्टार्ट! बायोसमध्ये विंडोज चालतच नाही, म्हणजे फॉरमॅट मारून हाती काय लागणार होतं? तुमच्याकडे असं होत असेल तर सर्वांत आधी हेच करा, माझे आठ दिवस वाया गेले.

आई मागे शेगडी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "याले बी थंडी वाजस का रे?" मी हसलो, पण म्हातारीचं बरोबर होतं. त्या दिवसांत आमच्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली होता. एसएमपीएसच्या आत वीज साठवणारे कपॅसिटर असतात; जुन्या कपॅसिटरमधला द्रव सुकत आला की गारठ्यात त्याचा अंतर्गत रोध वाढतो, सुरुवातीचा झटका त्याला पेलवत नाही. जरा तापला की गाडी रुळावर. आम्ही खान्देशवाले कॉम्प्युटरला फक्त उन्हाळा बाधतो असं धरून चालतो.

वायरमन मित्राने मीटर लावला. पिवळ्या वायरवर 12 व्होल्ट हवेत, पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे 11.4 च्या खाली जायला नको. सुरू होताना आमचा काटा 11.1 दाखवत होता. जुना डबा आठ दिवस नुसता पडू दिल्यावर त्याने उघडला (आत वीज साठून राहते, आपण हात घालू नये), तर दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली आणि पंख्याला जिनिंगकडून उडत येणाऱ्या कापसाची गादी.

स्टिकर नीट वाचायला मी तेव्हा शिकलो. कॅबिनेटबरोबर आलेल्या त्या डब्यावर ठळक 450 वॅट लिहिलेलं, पण 12 व्होल्टच्या रकान्यात फक्त 14 अँपिअर. गुणाकार करा: 168 वॅट. नवा जळगावला गोलाणी मार्केटमधून आणला, तोही 450 वॅटचाच, पण 12 व्होल्टवर 36 अँपिअर, म्हणजे 432 वॅट. त्यावर 80 प्लस ब्राँझचा शिक्का आहे. निम्म्या लोडवर साधारण 85 टक्के कार्यक्षमता, एवढाच त्याचा अर्थ. व्होल्टेज किती स्थिर राहील याची ती हमी नव्हे. दुकानदार मात्र तसं भासवतात.

आठ महिन्यांत सकाळचं रीस्टार्ट एकदाही नाही. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत 44-45 डिग्रीतही मशीन चाललं, फक्त पंखा दुपारी घरघरतो. तक्रारी दोन. प्रोसेसरची वायर आखूड आहे, मागून फिरवता येत नाही, मदरबोर्डवरून आडवी ताणून न्यावी लागली. दुसरी जास्त त्रासाची: एप्रिलमध्ये लाईट गेली की यूपीएस असूनही मशीन तीनदा बंद पडलं. या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (लाईटमधून वीज एकसारखी ओढणारं सर्किट) असतं आणि स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरीशी त्याचं नेहमीच जमतं असं नाही. बॅटरी बदलल्यावर पुष्कळ कमी झालं, पूर्ण गेलं नाही. प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाईटसारखी गोलसर लहर देणारा, यूपीएस महाग पडतो, तो पुढच्या सीझनला बघू.

कापूस घरात येऊ लागला की दर पंधरवड्याला जाळी ब्रशने झाडतो. आणि बिलाचा फोटो काढून ठेवलाय. वॉरंटी पाच वर्षांची, पण थर्मल कागदावरची अक्षरं एका उन्हाळ्यातच अर्धी उडाली.