नवा बदल: आधी ठरवायचा की आधी विचारायचं?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका मोठ्या टॉवेल कारखान्यात मी दोन्ही पद्धती पाहिल्या. पहिली, वरच्यांनी बंद खोलीत ठरवायचं आणि खाली नोटीस लावायची. निर्णय झटपट होतो. पण नवे लूम आले तेव्हा जॉबरना, म्हणजे माग लावणाऱ्या-सांभाळणाऱ्या मुकादमांना, कुणी विचारलंच नव्हतं. सूत सारखं तुटायचं. महिनाभर यंत्रं ताडपत्रीखाली होती.

दुसरी, रंगखातं, देखभाल, हिशेब, युनियन या सगळ्यांना आराखड्याआधीच बसवायचं. वेळ जातो, वाद होतात, तरी मला हीच पटते. टोयोटाने कामगारांच्या सूचना घेण्याची पद्धत १९५१ मध्येच सुरू केली होती. पुढच्या खेपेला आमच्या जुन्या जॉबरने नमुन्याचा धागा बोटांत फिरवला. “साहेब, याला पीळ कमी आहे.” सुताची ऑर्डर तिथंच बदलली.

बॉयलरच्या सुरक्षेसारखं तातडीचं काम असेल तर मात्र पहिलीच पद्धत.