'तुमच्या रेझ्युमेचा स्कोअर 38 आहे' असा फोन आला तर आधी हे वाचा – माझे 18,838 रुपये गेले

परवा आमच्या वाडीतल्या एका पोराला फोन आला. बी.कॉम. होऊन वर्ष झालंय, नोकरी शोधतोय. "तुमच्या रेझ्युमेचा एटीएस स्कोअर 38 आहे, म्हणून कॉल येत नाहीत." (एटीएस म्हणजे कंपन्या अर्ज चाळायला वापरतात ते सॉफ्टवेअर.) मलाही 38च सांगितला होता. म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

मी चिपळूण तालुक्यातला. सीएच्या ऑफिसात सहा वर्षं जीएसटी रिटर्न भरली, मग वडिलांना झेपेना म्हणून त्यांचं बाजारातलं दुकान हातात घेतलं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं आणि होतं नव्हतं ते गेलं. पुढे वडिलांचं आजारपण. रेझ्युमेत ही वर्षं कोरी दिसत होती आणि मला फोन करणाऱ्या बाईने नेमकं तिथेच बोट ठेवलं. स्वच्छ मराठी, शांत आवाज, "सर, अनुभव चांगला आहे, मांडणी चुकलीये." आठ महिने अर्ज टाकून एकही उत्तर न आलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटतं, ते घरबसल्या अक्कल शिकवणाऱ्यांना कळायचं नाही.

तपासणीचे 999 दिले. नव्याने लिहून देण्याचे 2,499. फाइल आली ती दिसायला देखणी, दोन कॉलम, कोपऱ्यात फोटो, रंगीत पट्ट्या. (कॉलम आणि चौकटींमुळेच बऱ्याच सॉफ्टवेअरना मजकूर नीट वाचता येत नाही, हे नंतर कळलं. साधी एका कॉलमची वर्ड फाइल पुरते आणि ती फुकट होते.) टॅलीच्या जागी एसएपी (मोठ्या कंपन्यांतलं हिशेबाचं सॉफ्टवेअर) लिहिलेलं, जे मी कधी उघडलेलंसुद्धा नाही. सीएकडची नोकरी 2023 पर्यंत ताणलेली. मी म्हटलं, हे खोटं आहे. "सगळे असंच करतात सर. आता स्कोअर 91 झालाय." मी गप्प बसलो. ती चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही. पण हा 91 कुणाच्या सॉफ्टवेअरने काढला, हे विचारायला हवं होतं. सगळ्या कंपन्यांना चालणारा एकच स्कोअर असा नसतोच.

चार दिवसांनी, "लोट्याच्या एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत शॉर्टलिस्ट झालात." कागदपत्र पडताळणीचे 5,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,900, जॉइन झाल्यावर परत. सोबत बिल. आणि इथे माझं मलाच सहन होत नाही. बिलावर पत्ता पुण्याचा आणि जीएसटी नंबर 07 ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा 27 असतो, 07 दिल्लीचा. वर नंबर 14 अक्षरांचा, असतात 15. सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या बिलांवर हीच चूक पकडत होतो! त्या संध्याकाळी ओटीवर बसून पैसे पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नाव नव्हतं, कुठल्यातरी माणसाचं होतं. आईने आतून विचारलं, "कोणाला पाठवतोयस रे?" "नोकरीचं आहे गे," म्हटलं आणि पिन टाकला. तुमच्या स्क्रीनवर असं परकं नाव दिसलं तर तिथेच थांबा.

मग बॅकग्राउंड चेकचे 9,440. ते गेले आणि फोन बंद. मी लोट्याला गेलो. गेटवरच्या वॉचमनने आत विचारून सांगितलं, अशी जागाच निघालेली नाही.

आता पुढचं. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला तो दुसऱ्या दिवशी. पहिल्या तासात केला असता तर समोरच्या खात्यातले पैसे अडवता आले असते, असं ऐकून घेतलं. तुम्ही आधी 1930 फिरवा, बाकी रडणं नंतर. बँकेत म्हणाले, "पिन तुम्हीच टाकलात." ठाण्यात दोन तास बाकड्यावर बसवून म्हणाले, हे सायबरचं, जिल्ह्याला जा. एक दिवस मोडून, एसटीने धक्के खात तिथे गेलो, तर म्हणे तुमच्या हद्दीतल्या ठाण्याचं पत्र आणा. परत आलो, तर साहेब बंदोबस्ताला. एकाने तर हसत विचारलं, "शिकलेले ना तुम्ही?" 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याचं कलम 173, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची आहे. हे मला फिर्यादी म्हणून शोधून काढावं लागलं, त्यांनी सांगायचं होतं! शेवटी सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली. पोचपावतीचा नंबर आला, पुढे काही नाही.

पैशांपेक्षा झोप उडालीय ती आधार-पॅनच्या फोटोंनी, तेही मीच पाठवले होते. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलंय, माझ्या नावावर कुणी कर्ज काढलंय का म्हणून सिबिल रिपोर्ट दर महिन्याला बघतोय. रेझ्युमेत आधार-पॅन नंबर कधीच घालू नका. आणि नोकरी देणारा तुमच्याकडून पैसे मागत नाही, मग तो 'परत मिळतील' म्हणो की काही.

रेझ्युमे मी पुन्हा स्वतः लिहिला. जाहिरातीत मागितलेली कामं जशीच्या तशी शब्दांत, जी मला येतात तेवढीच. कोऱ्या वर्षांच्या जागी एक ओळ: 'जुलै 2021च्या पुरात कौटुंबिक व्यवसायाचं नुकसान, त्यानंतर व्यवसायाची पुनर्उभारणी व वडिलांची शुश्रूषा.' वाडीतल्या त्या पोराचा 999 चा व्यवहार अजून झालेला नव्हता, त्याचा फोन मी स्वतः हातात घेऊन तो नंबर ब्लॉक केला.