वर्डप्रेसमधली ‘ओपन इन न्यू टॅब’ची टिक: नागपूरच्या दुकानदारांसाठी परीक्षण

धरमपेठेतलं बुटीक, इतवारीतला मसाल्याचा ठोक व्यापारी, पुण्या-मुंबईला संत्रा बर्फी पाठवणारं मिठाईचं दुकान, ताडोबा-पेंचच्या सहली काढणारी एजन्सी. अशा धंद्यांच्या वेबसाइट बरेचदा वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर उभ्या असतात आणि साइट करून देणाऱ्याला मालकाची एक सूचना हमखास असते: ‘बाहेरच्या लिंका नव्या टॅबमध्ये उघडू द्या, गिऱ्हाईक आपल्या साइटवरून जायला नको.’ ही सूचना अमलात आणणारी वर्डप्रेसमधली सोय म्हणजे ‘ओपन इन न्यू टॅब’. परीक्षण तिचंच आहे.

सोय चांगली आहे आणि ती मुळात बंद असते, हे त्याहून चांगलं आहे. वाचकाच्या हातात काही अर्धवट काम असेल तेव्हाच ती टिक करावी. बाकी सगळीकडे लिंक त्याच टॅबमध्ये उघडू द्यावी.

आधी ती सापडते कुठे ते पाहू. वर्डप्रेसच्या सध्याच्या ब्लॉक एडिटरमध्ये शब्द निवडून लिंक घातली की लहान चौकट उघडते. त्यात पेन्सिलीच्या खुणेवर क्लिक करून खालचा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ भाग उघडला की टिक दिसते. जुन्या क्लासिक एडिटरमध्ये लिंकच्या चौकटीतलं दातेरी चाक दाबावं लागतं. मेनूचं मात्र अवघड आहे. क्लासिक थीममध्ये ‘अपिअरन्स’मधल्या ‘मेनूज’ पानावर हा पर्याय लपलेलाच असतो. वरच्या कोपऱ्यातल्या ‘स्क्रीन ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘लिंक टार्गेट’वर खूण केल्याशिवाय तो दिसत नाही. सोशल आयकॉन्स, फाइल, बटन, इमेज या प्रत्येक ब्लॉकची जागा पुन्हा वेगळी. साइटवरच्या कोणत्या लिंका नव्या टॅबमध्ये जातात, हे एका ठिकाणी दाखवणारी यादी वर्डप्रेसमध्ये नाही. हा या सोयीचा खरा दोष आहे. वर्षभरात तीन जणांनी साइट हाताळली की एकाच पानावर दोन तऱ्हा दिसू लागतात.

आता मूळ मुद्दा. साधी लिंक असेल तर निवड वाचकाची असते. त्याला नवी टॅब हवी असेल तर कंप्युटरवर कंट्रोल दाबून क्लिक करता येतं, माउसचं चाक दाबता येतं, फोनवर लिंक दाबून धरली की पर्याय येतो. टिक केलेल्या लिंकेवर उलट सोय जवळजवळ उरत नाही. ‘याच टॅबमध्ये उघड’ असं सांगायला ब्राउझरच्या नेहमीच्या मेनूत जागा नाही. म्हणजे टिक करून आपण वाचकाला काही देत नाही, त्याच्याकडे असलेलं काढून घेतो.

त्यातून ‘बॅक’चा घोळ होतो. कंप्युटरवरच्या क्रोममध्ये नव्या टॅबला मागचा इतिहास नसतो, म्हणून बॅकचा बाण फिका पडतो. ज्याला टॅब बदललेली कळलीच नाही, तो बाणावर क्लिक करत राहतो आणि शेवटी सगळी खिडकी बंद करतो. अँड्रॉइडवरचं क्रोम आणि आयफोनवरचा सफारी ब्राउझर इथे जास्त समजूतदार आहेत. लिंकेतून उघडलेल्या टॅबवर बॅक केलं की ती टॅब बंद होऊन आधीची समोर येते. पण टॅब बदलणाऱ्या चौकोनातून माणूस परतला, तर नवी टॅब मागे तशीच उघडी राहते. घरातल्या थोरामोठ्यांच्या फोनवर क्रोममधला टॅबचा आकडा पाहा. नव्व्याण्णवच्या पुढे गेला की आकड्याऐवजी हसरी खूण येते. त्या ढिगातून आपलं दुकान पुन्हा शोधायला कोणी बसत नाही.

‘गिऱ्हाईक साइटवर टिकतं’ हा मालकांचा युक्तिवाद आकड्यांतही उतरत नाही. साइटवर येणाऱ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ मध्ये एंगेजमेंटचा वेळ, म्हणजे वाचकाने पान पाहण्यात घालवलेला वेळ, पान समोर असेल तेवढाच धरला जातो. मागे झाकलेल्या टॅबमध्ये पान तासभर पडून राहिलं, तरी त्यातला एक सेकंदही जमा होत नाही.

शिवाय परत येणं आता पूर्वीइतकं संथ राहिलेलं नाही. फायरफॉक्स आणि सफारी सोडून गेलेलं पान जसंच्या तसं स्मरणात ठेवण्याचं काम फार आधीपासून करतात. क्रोमने ते २०२० मध्ये अँड्रॉइडवर आणि २०२१ मध्ये कंप्युटरवर आणलं. बॅक दाबलं की पान क्षणात, स्क्रोल होतं तिथेच उभं राहतं. तुमच्या साइटवर असं होत नसेल तर आधी प्लगइन (वर्डप्रेसला जोडलेले जास्तीचे प्रोग्राम) तपासा. पान बंद होताना चालणारा ‘अनलोड’ नावाचा जुना कोड कुठे असेल, तर तो ही सोय अडवू शकतो. चॅटच्या आणि जाहिरातींच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये तो सापडू शकतो.

टिक कुठे करावी? सर्वांत स्पष्ट जागा अर्ध्या भरलेल्या फॉर्मची. जंगल-सफारीच्या एजन्सीच्या फॉर्ममध्ये सहा जणांची नावं, वयं, ओळखपत्रांचे क्रमांक भरून झालेत आणि खाली ‘उद्यानाचे नियम वाचा’ अशी लिंक आहे. ती त्याच टॅबमध्ये उघडली आणि फोनची मेमरी कमी असल्याने मागचं पान टिकलं नाही, तर सगळं पुन्हा भरावं लागतं. इथे नवी टॅबच हवी. नियम छोटे असतील तर ते त्याच पानावर घडी उघडून दाखवणं सगळ्यांत उत्तम, वर्डप्रेसच्या ‘डिटेल्स’ ब्लॉकने ते होतं. दुसरी जागा दरपत्रकाच्या पीडीएफची. कंप्युटरवर पीडीएफ ब्राउझरमध्येच उघडते. वाचून झालं की लोक कागद मिटावा तशी खिडकी बंद करतात आणि दुकानही त्यासोबत बंद होतं. पीडीएफच्या लिंकेत फाइलचा आकारही लिहा: ‘दरपत्रक, पीडीएफ, २ एमबी’. तिसरी जागा म्हणजे पानावर चालू असलेला व्हिडिओ किंवा शिकवणीची ऑनलाइन परीक्षा, जिथे पान सोडलं की काम तुटतं.

जिथे करू नये अशा जागांत पहिली पैसे भरण्याची. वर्डप्रेसवर दुकान चालवणारं वूकॉमर्स प्लगइन मुळात त्याच टॅबमध्ये पेमेंटच्या पानाकडे नेतं, ते तसंच राहू द्या. काही जण हौसेने ते नव्या खिडकीत नेतात आणि दोन गोष्टी बिघडतात. खिडकी गिऱ्हाइकाच्या क्लिकसोबत लगेच न उघडता सर्व्हरकडून उत्तर आल्यावर उघडली, तर ब्राउझर तिला पॉप-अप समजून अडवू शकतो. सफारीत हे जास्त जाणवतं. आणि खिडकी उघडलीच, तर पैसे भरल्यावर ‘ऑर्डर मिळाली’ हे पान नव्या टॅबमध्ये दिसतं, जुन्या टॅबमध्ये ‘पैसे भरा’ बटन तसंच उभं असतं. गिऱ्हाईक जुन्या टॅबवर आलं की पुन्हा बटन दाबतं. दोनदा पैसे गेल्याच्या तक्रारी इथून सुरू होऊ शकतात.

स्वतःच्या साइटच्या पानांना ही टिक कधीच नको, ‘आमच्याविषयी’ पानाला तर मुळीच नको. फोन नंबर, ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकेलाही नको. तिथून फोनवर अ‍ॅप उघडतं आणि ब्राउझरमध्ये अनेकदा रिकामी टॅब मागे राहते. इन्स्टाग्राम, नकाशा, स्पीड पोस्टचं ट्रॅकिंग हे बाहेरचं असलं तरी वाचक तिकडे मनाने निघालेला असतो. त्याला जाऊ द्या.

सुरक्षेबद्दल अजून जुनी भीती सांगितली जाते. पूर्वी नव्या टॅबमध्ये उघडलेलं पान मागच्या टॅबचा पत्ता बदलू शकत असे. तुमच्या दुकानाच्या जागी हुबेहूब खोटं लॉगिन पान आणून ठेवणं शक्य होतं. ‘नोओपनर’ हा शब्द लिंकेला जोडला की हे बंद होतं. आता ब्राउझर तो मनानेच धरतात: सफारी २०१९ पासून, फायरफॉक्स २०२० च्या ७९ व्या आवृत्तीपासून, क्रोम २०२१ च्या ८८ व्या आवृत्तीपासून. ‘नोरेफरर’ मात्र वेगळा आहे. तो लिंकेला असेल तर समोरच्या साइटला वाचक कुठून आला ते कळत नाही. वर्डप्रेस अनेक आवृत्त्यांमध्ये हे दोन्ही शब्द एकत्रच जोडत आलं आहे. मुख्य दुकानाच्या साइटवरून दुसऱ्या शाखेच्या वेगळ्या साइटवर किती जण गेले हे मोजायचं असेल, तर ‘नोरेफरर’ काढावा लागतो, नाहीतर ते सगळे थेट आलेले दिसतात.

वर्डप्रेसचा दुसरा मोठा दोष म्हणजे टिक केल्यावर वाचकाला काहीच कळवलं जात नाही. ना बाण, ना शब्द. दृष्टिहीन वाचकासाठी हे सर्वांत त्रासाचं आहे, कारण पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर लिंकेचा मजकूर वाचतो आणि मग अचानक सगळा संदर्भ बदलतो. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी नियमावलीत नव्या खिडकीची आधी सूचना देण्याचं तंत्र दिलेलं आहे. भारत सरकारच्या वेबसाइटसाठी असलेल्या मार्गदर्शक सूचनाही बिगर-सरकारी साइटवर नेणाऱ्या लिंकेची स्पष्ट खूण मागतात. उपाय सोपा आहे. लिंकेच्या शब्दांतच ‘(नव्या टॅबमध्ये)’ लिहा. सगळ्यांना दिसतं, ऐकूही येतं. नुसता बाण नजरेला पुरतो, स्क्रीन रीडरला त्यातून अर्थ लागत नाही. बाणच हवा असेल तर वर्डप्रेसच्या ‘स्क्रीन-रीडर-टेक्स्ट’ या क्लासमध्ये (नजरेला न दिसणारा, पण स्क्रीन रीडर वाचतो असा मजकूर ठेवण्याची सोय) तेच शब्द लपवून ठेवा.

आधीच टिकांचा सुकाळ झालेल्या साइटचं काय करावं? पानाच्या कोडमधल्या वरच्या ‘हेड’ भागात ‘बेस टार्गेट’ची ओळ आहे का ते पहिल्यांदा बघा. ती एकच ओळ साइटवरच्या सगळ्या साध्या लिंका नव्या टॅबमध्ये पाठवते. मग बाहेरच्या लिंकांना आपोआप टिक करणारं प्लगइन बंद करा. उरलेल्यांसाठी डेटाबेसमध्ये शोधून-बदलण्याची घाई नको. वर्डप्रेस ६.२ पासून पानाच्या कोडमधले टॅग वाचून बदलणारा एचटीएमएल टॅग प्रोसेसर मिळतो. त्याच्या आधाराने पानाचा मजकूर दिसण्याआधी ज्यातून जातो त्या ‘द कंटेंट’ फिल्टरवर आठ-दहा ओळींचं काम पुरतं: प्रत्येक लिंक बघायची, ती पीडीएफची किंवा आपण ठरवलेल्या क्लासची नसेल तर नव्या टॅबमध्ये पाठवणारा ‘टार्गेट’ काढायचा. मूळ मजकूर तसाच राहतो, काही बिनसलं तर फिल्टर काढला की सगळं पूर्ववत. मेनू आणि फूटर या फिल्टरमधून जात नाहीत, ते हातानेच तपासायचे.

तपासणी फक्त क्रोममध्ये करून थांबू नका. अँड्रॉइडवरची बरीच अ‍ॅप स्वतःच्या आतच पानं उघडतात आणि त्या आतल्या ब्राउझरमध्ये एकाहून जास्त खिडक्यांची सोय मुळात बंद असते. तिथे टिक असूनही लिंक त्याच जागी उघडते आणि अर्धा भरलेला फॉर्म गायब होऊ शकतो. म्हणून जंगल-सफारीच्या फॉर्मसारख्या मोठ्या फॉर्मसाठी भरलेली माहिती फोनमध्येच तात्पुरती जपणारं फॉर्म प्लगइन निवडा. ओळखपत्राच्या क्रमांकाचा रकाना त्यातून वगळा, आणि फॉर्म पाठवला गेला की जपलेली माहिती पुसली जाते ना, हे दोन वेगळ्या फोनवर भरून बघा.