पी९०० ते आर७: पक्ष्यांच्या छायाचित्रणासाठी कॅमेरा बदलल्यानंतरचे एक वर्ष

निकॉन कूलपिक्स पी९०० हा कॅमेरा मी सात वर्षे वापरला आणि आजही त्याच्याविषयी माझी फारशी तक्रार नाही. २०१५ साली आलेल्या या कॅमेऱ्याचा ८३ पट झूम फुलफ्रेमच्या (म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबाने २४ ते २००० मिलिमीटरचा पल्ला देतो, वजन ९०० ग्रॅमच्या आत राहते आणि लेन्स बदलत बसावे लागत नाही. माझ्यासारख्या कितीतरी हौशी पक्षिनिरीक्षकांनी आपली पहिली नोंदीपुरती छायाचित्रे याच कॅमेऱ्यावर काढली आहेत. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर मी तो बाजूला ठेवला आणि कॅनन ईओएस आर७ ही बॉडी व आरएफ १००-४०० मिमी एफ ५.६-८ ही लेन्स घेतली. दोन्ही मिळून खर्च दोन लाखांच्या आत-बाहेर गेला. एवढे पैसे मोजून हाती काय येते आणि काय येत नाही, याची नीट फोड मला खरेदीपूर्वी कुठे वाचायला मिळाली नव्हती, म्हणून ती येथे करत आहे.

आधी जे हाती येत नाही ते सांगतो. नवा कॅमेरा घेऊन पहिल्यांदा भिगवणला गेलो तेव्हा उजनी धरणाच्या फुगवट्याच्या पलीकडच्या काठावर चित्रबलाकांचा थवा उभा होता. पी९०० वर यातला एकच पक्षी मी पूर्ण चौकटीत घेतला असता. आर७ वर तेच पक्षी मुठभर पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसले. आर७ चा सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती) एपीएस-सी, म्हणजे फुलफ्रेमपेक्षा लहान, आकाराचा असल्यामुळे ४०० मिमीची लेन्स ६४० मिमीइतका पल्ला देते, म्हणजे जुन्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. हे गणित मला कागदावर ठाऊक होते, तरी व्ह्यूफाइंडरमध्ये ते प्रत्यक्ष पाहिल्यावर पोटात खड्डा पडलाच.

‘सेन्सर मोठा आहे, त्यामुळे हवे तेवढे क्रॉप करता येते,’ म्हणजे चित्राचा नको तो भाग कापून टाकता येतो, हे दुकानात हमखास ऐकायला मिळणारे वाक्य आहे आणि ते अर्धेच खरे आहे. आर७ चा सेन्सर पी९०० च्या सेन्सरपेक्षा क्षेत्रफळाने जवळजवळ बारा पट मोठा आहे, हे बरोबर. परंतु दूरच्या पक्ष्याकडून कॅमेऱ्यात किती प्रकाश येणार, हे लेन्सच्या भोकाच्या रुंदीवर ठरते. पी९०० ची पूर्ण झूमवरची खरी फोकल लेंथ ३५७ मिमी आणि अॅपर्चर एफ ६.५ आहे; पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की भोकाची रुंदी सुमारे ५५ मिमी येते. आर७ वरच्या ४०० मिमी, एफ ८ या लेन्सचे उत्तर येते ५० मिमी. म्हणजे दोन लाख खर्चूनही त्या दूरच्या चित्रबलाकाचा प्रकाश मी पूर्वीपेक्षा किंचित कमीच गोळा करत होतो! शिवाय आर७ चे ३२.५ मेगापिक्सेल मोठ्या क्षेत्रावर पसरलेले असल्यामुळे त्या एका पक्ष्याच्या वाट्याला लांबीच्या दिशेने पूर्वीच्या निम्मेच पिक्सेल येतात. लांबवर, भरपूर उन्हात, हालचाल न करता बसलेला पक्षी ओळखण्यासाठी पी९०० आजही सरस आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ज्यांचे पक्षिनिरीक्षण मुख्यतः याच प्रकारचे आहे त्यांनी हा बदल करू नये.

मग बदल कशासाठी करायचा, याचे उत्तर मला कवडीपाटला मिळाले. सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठेवर हे ठिकाण आहे. पाण्यावर फेस आणि प्लास्टिक तरंगत असते, वासही येतो, पण हिवाळ्यात शेकाटे, धोबी, चक्रवाक आणि नदी सुरय यांची तेथे वर्दळ असते. मी जातो तो बंड्या धीवरासाठी. हा काळापांढरा खंड्या पाण्यावर आठ-दहा फुटांवर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो, चोच खाली वळवतो आणि दगडासारखा कोसळतो. थांबण्याचा अवधी कधी तीन सेकंद, कधी सात. कोसळण्याचा एक सेकंदही नाही. पी९०० चा ऑटोफोकस कॉन्ट्रास्ट पाहून लेन्स पुढे-मागे सरकवतो, त्यामुळे २००० मिमीवर पक्षी चौकटीत सापडून त्याच्यावर फोकस लागेपर्यंत तो पाण्यात शिरून बाहेरही आलेला असायचा. लागलाच, तर सेकंदाला सातच्या वेगाने सात चित्रे निघत आणि मग ती कार्डावर उतरेपर्यंत हात जोडून वाट पाहावी लागे. सात वर्षांत या पक्ष्याचे उडतानाचे एकही धड चित्र माझ्याकडे जमा झाले नव्हते.

आर७ मध्ये पक्षी ओळखून त्याच्या डोळ्यावर फोकस धरण्याची सोय आहे. त्या सकाळी शटरचा वेग १/३२०० सेकंदावर ठेवून मी खंड्याकडे कॅमेरा रोखला, तेव्हा लहानशी चौकट आधी त्याच्या अंगावर, मग डोक्यावर आणि मग डोळ्यावर जाऊन बसली. त्याचा डोळा काळ्या पट्ट्यात लपलेला असतो, मलाही तो एरवी चटकन दिसत नाही. तो खाली झेपावला तसा कॅमेरा मी नुसता त्याच्यामागे नेला. घरी येऊन पाहिले तर अठ्ठावीस चित्रांपैकी एकोणीस स्पष्ट होती आणि त्यांतल्या एकात चोचीच्या टोकाला पाणी नुकतेच टेकले होते, तेथे वाटाण्याएवढा खळगा पडला होता. हे एक चित्र पाहिल्यावर भिगवणचे दुःख मी विसरलो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण खरेदीचा पश्चात्ताप मात्र तेथे संपला.

सिंहगडाच्या दरीतला अनुभव वेगळा आहे. तेथे पक्षी जवळ येतात, प्रकाश मात्र नसतो. झाडीखालच्या पाणवठ्यावर स्वर्गीय नर्तक आठ-दहा मीटरवर येतो. एवढ्या जवळ पी९०० चा झूम मागे घ्यावा लागतो आणि तो मागे घेतला की लेन्सचे भोकही प्रत्यक्षात लहान होते. म्हणजे वर मांडलेली बरोबरी येथे मोडते आणि आर७ पुढे जातो. तरीही एफ ८ म्हणजे एफ ८ च. सकाळी आठच्या आधी मला आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता; ती वाढवली की चित्रात दाणे येतात) ६४०० आणि शटर १/२५० वर समाधान मानावे लागते. येथे उपयोगी पडते ती रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले कच्चे चित्र. पी९०० फक्त जेपेग देतो आणि दाणे घालवण्याच्या नादात पिसांचे तंतूही पुसून टाकतो. रॉ फाइलवरचे दाणे आपल्याला हवे तेवढेच, संगणकावर बसून सावकाश कमी करता येतात. त्या संगणकाचा, हार्डडिस्कचा आणि संध्याकाळी जाणाऱ्या दोन तासांचा खर्च मात्र कोणी किमतीच्या यादीत धरत नाही.

या जोडीच्या मर्यादा ठळक आहेत आणि त्या समजून घेऊनच ती घ्यावी. इलेक्ट्रॉनिक शटरवर हा कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे काढतो, पण सेन्सर वरून खाली वाचला जायला लागणारा वेळ जास्त असल्यामुळे वेगाने हलणारे पंख केळ्यासारखे वाकडे उमटतात. म्हणून उडत्या पक्ष्यासाठी यांत्रिक शटरच वापरावे. त्यावरचा सेकंदाला १५ चित्रांचा वेग पुष्कळ झाला. बटण पूर्ण दाबण्याच्या अर्धा सेकंद आधीची चित्रे साठवणारी सोयही आहे, पण ती इलेक्ट्रॉनिक शटरवरच चालते आणि त्या गठ्ठ्यातून एकेक चित्र वेगळे काढावे लागते. फांदीवरून उडू पाहणाऱ्या वेड्या राघूसाठी मी ती कधीमधी वापरतो. पूर्ण रॉमध्ये चित्रे घेतली तर सुमारे साडेतीन सेकंदांत बफर (कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण) भरतो, तेव्हा आकसलेली रॉ निवडणे आणि यूएचएस-२ या जलद प्रतीचे कार्ड घेणे हिताचे आहे. लेन्सला धूळ-पाण्यापासून संरक्षण नाही; पावसाळ्यात मी ती शॉवर कॅपमध्ये गुंडाळून नेतो. हूड (लेन्सच्या तोंडाशी लावायचा आडोसा) सोबत मिळत नाही, वेगळा घ्यावा लागतो, आणि एवढ्या किमतीच्या लेन्सबाबत हा कंजूषपणा मला अजिबात आवडला नाही.

एक फायदा माझ्या हिशेबातच नव्हता. ही लेन्स ४०० मिमीवरही साधारण एक मीटरवरच्या वस्तूवर फोकस करते, तर पी९०० ला पूर्ण झूमवर पाच मीटर मागे जावे लागते. पक्षी नसतील त्या दुपारी चतुर आणि फुलपाखरे यांवर वेळ छान जातो.

लेन्स घेताना एका दुकानात मला बरीच स्वस्त किंमत सांगण्यात आली. पक्के बिल मागितल्यावर ‘वॉरंटी आमच्याकडूनच मिळेल’ असे उत्तर आले आणि खोक्यावर भारतातल्या आयातदाराचे लेबल नव्हते. मी तेथून निघालो आणि दुसरीकडे जास्त पैसे देऊन बिलासह लेन्स घेतली. आरएफ १००-५०० चाही विचार केला होता. तिचे भोक ७० मिमी आहे आणि प्रकाशाचा फरक खरोखर जाणवण्याजोगा आहे, परंतु तिच्या एकटीच्या किमतीत माझी ही जोडी येऊन पैसे उरले. शिवाय ती जवळजवळ १.४ किलोची आहे. माझी बॉडी आणि लेन्स मिळून सव्वा किलो भरते. दरीत चार तास हातात धरून हिंडणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला हा फरक खांद्यात कळतो.

पल्ला कमी झाल्यामुळे पाय आपोआप पुढे सरकू लागतात, हेही मला स्वतःबाबत लक्षात आले. सासवडच्या माळरानावर चंडोलाच्या मागे जाताना तो पुन्हापुन्हा उडू लागला, तेव्हा मी थांबलो आणि बसून राहिलो. जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांच्या हंगामात ४०० मिमीची लेन्स घेऊन माळावर जायचेच नाही, असे तेव्हापासून ठरवले आहे. त्या दिवसांत पी९०० नेतो आणि रस्त्यावरूनच पाहतो. तो विकलेला नाही, भिगवणच्या काठावरही तोच गळ्यात असतो.