80 रुपयांचा हातवायपर, टँकरचं पाणी आणि दोन पोरं

बाथरूम साफ ठेवायच्या नावाखाली आमच्या घरात आजवर बाटल्या, ब्रश, फवारे, सुगंधी वड्या असं बरंच काही आलं आणि गेलं. पैसे वसूल झाले ते एकाच वस्तूचे. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणलेला हातवायपर. फरशीचा लांब दांड्याचा नव्हे. काचा पुसायला असतो तो, वीतभर पातीचा, 80 रुपयांचा.

आधी घराची परिस्थिती सांगतो, म्हणजे कौतुक का करतोय ते कळेल. आम्ही उंड्रीत राहतो आणि सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी. नारायण पेठेत आईकडे खडकवासल्याचं पाणी येतं, तिथे नळ नुसता ओल्या फडक्याने पुसला तरी लखलखतो. आई आमच्याकडे राहायला आली की पहिल्या अंघोळीनंतरच ऐकवते, "अरे, तुमच्याकडे साबणाला फेस येत नाही की केसांतून तेल निघत नाही!" खरंच आहे तिचं. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरतं, फेस व्हायच्या ऐवजी त्याचा चिकट राखाडी थर होतो आणि तो टाइल्सवर बसतो. वरून पाणी सुकलं की क्षार. एकावर एक असे थर चढत जातात.

त्यात दोन पोरं. मुलगा चौथीत आहे, तो अंघोळ करतो म्हणजे चारही भिंतींना अंघोळ घालतो. मुलगी बालवाडीत, ती साबणाची वडी मगमध्ये बुडवून 'सूप' करते आणि मग ते सूप कोणाला तरी पाजायचं म्हणून बादलीला पाजते. अशा घरात 'दर रविवारी घासू' हे धोरण टिकत नाही. रविवारपर्यंत सगळं वाळून घट्ट झालेलं असतं.

हातवायपरचं काम अगदी सरळ आहे. क्षार पाण्यात असतात. पाणी उडून गेलं की ते मागे राहतात. म्हणून पाणी भिंतीवर वाळूच द्यायचं नाही. अंघोळ झाली की वरून खाली ओढायचं, सगळं पाणी जाळीकडे लोटायचं, संपलं. मिनिटाचंही काम नाही, आणि यात औषध नाही, वास नाही, त्यामुळे पोरांच्या हातात बिनधास्त देता येतं. आमच्याकडे नियम एकच: शेवटी जो अंघोळ करेल त्याने भिंत ओढायची. मुलगा टाळाटाळ करतो. मुलीला मात्र पाती ओढताना येणारा 'चुंई' आवाज इतका आवडतो की दुसऱ्याची पाळी असली तरी ती आत घुसते.

याचा परिणाम आमच्या भिंतीवर मोजता येतो. निळ्या टाइल्स आहेत. मुलीचा हात पोचतो तिथपर्यंत त्या चकचकीत, आणि त्याच्या वर पांढरट धुकं. मधली रेघ इतकी सरळ की गवंड्याने ओळंबा लावून मारल्यासारखी. बायकोचं म्हणणं, रेघ दर वाढदिवसाला वर सरकेल, तोवर वरचं तू बघ. बघतोय.

घेताना दोन गोष्टी पाहा. काळ्या फोमच्या दुहेरी पातीचा घेऊ नका. फोम पाणी धरून ठेवतो आणि पावसाळ्यात त्याला कुबट वास मारतो. एकसंध सिलिकॉनच्या पातीचा घ्या. आणि मागचा स्क्रू लोखंडी नाही ना ते बघा, नाहीतर जिथे टांगाल तिथे गंजाचा ओघळ. रविवार पेठेत गाडी नेण्याचा उद्योग करू नका. स्वारगेटहून मेट्रोने मंडई स्टेशनला उतरून चालत गेलेलं बरं.

आधीच बसलेले क्षार मात्र वायपरने निघत नाहीत, हे स्पष्ट सांगतो. त्यासाठी तिथेच, केक-बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानातून लिंबूफूल आणलं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. लिटरभर कोमट पाण्यात पन्नासेक ग्रॅम विरघळवायचं. फडकं त्यात भिजवून नळाला गुंडाळायचं, पंधरा-वीस मिनिटांनी काढून धुवायचं. शॉवरच्या जाळीला तेच पाणी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून रबरबँडने बांधायचं. भोकांभोवती बारीक बुडबुडे येताना दिसतात, आणि नंतर टूथब्रश फिरवला की खडे सुटून हातात येतात. दोन्ही पोरं हा प्रयोग स्टुलावर चढून, लांबून बघतात. लांबूनच. डोळ्यात उडालं तर झोंबतं, म्हणून बरणीवर ठळक नाव लिहून ती वरच्या कप्प्यात ठेवलीय. पाण्याच्या जुन्या बाटलीत असलं काहीही भरून ठेवू नये, पोरं बाटली दिसली की तोंडाला लावतात. जुन्या घरातली शहाबादी फरशी किंवा संगमरवर असेल तर त्यावर लिंबूफूलही नको. तो दगडच चुन्याचा, आम्ल त्याला खातं.

मग बाहेरून माणसं बोलावून 'डीप क्लीनिंग' का नाही? बोलावली होती. नाव लिहीत नाही. मशीन, हातमोजे, सगळा थाट. गेल्यावर बाथरूम आरशासारखं, पण आठवड्याभरात नळावर बारीक काळे ठिपके वर आले, कारण कडक ॲसिड नळावरही मारलेलं होतं. कमोडच्या निळ्या बाटलीतलं ॲसिड कमोडलाच ठीक, क्रोमच्या नळाला नाही. आणि ते ब्लीचच्या आसपासही नेऊ नका. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि छोट्याशा बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

जुलै-ऑगस्टमध्ये टाइल्सच्या सांध्यांत काळी बुरशी येते, तिच्यापुढे लिंबूफूल हात टेकतं. तिथे पातळ केलेलं ब्लीच लागतं, तेही लिंबूफुलाच्या दिवशी नाही, खिडकी उघडून आणि पोरं शाळेत असताना. वायपर सुरू झाल्यापासून खालच्या सांध्यांत बुरशी जवळजवळ येईनाशी झालीय. छताच्या कोपऱ्यात येतेच. त्याला एक्झॉस्ट फॅन अंघोळीनंतरही चालू ठेवणं हाच उपाय, आणि आमच्याकडे तो बंद करण्याची सगळ्यांना भारी घाई.

पाचपैकी चार. एक कापला तो दोन कारणांनी. सोबत आलेला चिकटवायचा हुक ओल्या टाइलवर टिकतच नाही, मध्यरात्री धाडकन पडतो आणि अख्खं घर दचकून उठतं. मी स्टीलचा हुक ड्रिल करून बसवला, मुलीच्या खांद्याइतक्या उंचीवर. दुसरं म्हणजे पातीची कड वर्षभरात चिरते आणि मग भिंतीवर पाण्याच्या रेघा राहतात. सुटी पाती मागायला त्याच दुकानात गेलो. काउंटरवरच्या काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "साहेब, ऐंशीच्या वायपरला सुटी पाती? नवा घ्या. किती देऊ, दोन?"

दोन घेतले.